पुलापाशी सोडलेलं पाणी

माझी आई अखेरपर्यंत लोकांना सांगत राहिली की मी महापालिकेच्या पाणीखात्यात आहे. त्यामुळे लालबागच्या आमच्या चाळीत ज्या सकाळी नळाला बारीक धार यायची, त्या सकाळी दोन-चार जणी रिकाम्या कळश्या घेऊनच आमच्या दारात उभ्या राहायच्या. मी त्यांना समजावून सांगायचे की माझा नळाशी काही संबंध नाही, खडीच्या खाणींमुळे नद्यांचं जे पाणी कमी होतं ते परत कसं द्यायचं, याची गणितं मी करते. त्या आईकडे बघायच्या. आई आतून म्हणायची, "नळाक पाणी नाय, आणि ही नदीक पाणी देता." माझ्या नोकरीचं यापेक्षा अचूक वर्णन कुणी केलेलं नाही. माझ्या कार्डावर मात्र 'वरिष्ठ जलविश्लेषक' असं छापलं होतं. त्यातली निम्मी कार्डं मी भाच्याच्या लग्नात वाटली. केटररनंही एक घेतलं आणि बोअरवेल कुठे मारावी ते विचारलं.

काम असं होतं. डोंगरातली नदी सपाटीला आली की तिच्या दोन्ही काठांखाली गोट्यांचे आणि जाड वाळूचे थर असतात, नदीनंच केव्हातरी आणून टाकलेले. बांधकामाला ते लागतात. थेट पात्रात उतरून उपसायला मनाई असते, म्हणून कंपन्या काठापासून थोडं आत जमीन घेऊन खणतात. पाच-सहा मीटर खाली गेलं की खड्ड्यात पाणी झिरपायला लागतं. कंपनी म्हणते, हे आमच्या जमिनीतलं पाणी. असतं ते नदीचंच, फक्त गोट्यांच्या फटींतून चालत आलेलं. मग खड्डा कोरडा ठेवायला ते उपसतात, त्यानं खडी धुतात, काही उन्हानं उडून जातं, काही ओल्या खडीबरोबर ट्रकमधून ठिबकत पार परळच्या टॉवरांपर्यंत येतं. तेवढी नदी खाली बारीक होते. पावसाळ्यात कुणाच्या लक्षात येत नाही. होळीनंतर येतं.

म्हणून परवानगीत अट असते की जेवढं पाणी कमी कराल तेवढं नदीला परत द्या. बहुतेक ठिकाणी खणून संपलेला एखादा जुना खड्डा असतो. तो पावसात भरतो आणि उन्हाळ्यात त्यातलं पाणी पाइपानं नदीत सोडायचं असतं. किती सोडायचं, कधी सोडायचं आणि कुठे सोडायचं, एवढे तीनच प्रश्न. त्यांची उत्तरं देणारा अहवाल आमचं ऑफिस तयार करायचं आणि आकडेमोड मी करायचे.

ऑफिस भोईवाड्यात, कोर्टापासून हाकेच्या अंतरावर, दुसऱ्या मजल्यावर. खाली झेरॉक्सवाला आणि नोटरी. मालक देवधर साहेब, नोकरीची पहिली पंचवीस वर्षं धरणांवर काढलेले. रोज दादरहून चालत यायचे आणि आल्याबरोबर पंख्याखाली शर्टाचं वरचं बटण काढून उभे राहायचे. माणूस सभ्य. कुणाशी वाद नको, एवढंच त्यांचं धोरण.

माझी हुशारी कोणत्या दर्जाची होती, ते एका प्रसंगानं कळेल. उन्हानं पाणी किती उडतं ते मोजायला एक पत्र्याची उथळ, गोल टाकी असते. रोज सकाळी तिच्यातलं पाणी किती मिलिमीटर उतरलं ते बघायचं. सराव म्हणून मी तशी एक टाकी आमच्या इमारतीच्या गच्चीवर ठेवली होती. एप्रिलमध्ये आकडे एकाएकी दुप्पट झाले. समुद्रावरून येणारं वारं, टॉवरांच्या काचांवरून परतणारं ऊन, असं सगळं घालून मी दोन पानांचं टिपण लिहिलं. देवधरांनी ते वाचून मान डोलावली. आठवड्यानं मी सहज दुपारी गच्चीवर गेले तर टाकीत सात-आठ कबुतरं आंघोळ करत होती आणि कठड्यावर कावळे आपला नंबर येण्याची वाट बघत होते. टिपण मी फाडलं. पण यातून घ्यायला हवा होता तो धडा घेतला नाही. टाकीवर जाळी बसवली आणि झालं.

आता मुख्य गोष्ट. नदीचं आणि कंपनीचं नाव लिहीत नाही. मुंबईपासून तीन-साडेतीन तासांवर, घाटाच्या पायथ्याला ती नदी एका जागी घोड्याच्या नालेसारखं वळण घेते. वळणाच्या सुरुवातीला नवी खाण. वळण संपतं तिथे पूल, आणि पुलाच्या खांबावर पाणी मोजायची सरकारी पट्टी. जुना भरलेला खड्डा या दोन्हींच्या मधोमध, नालेच्या पोटात. नकाशावर मी फूटपट्टी ठेवली. जुन्या खड्ड्यापासून नदीला सगळ्यांत जवळची, सरळ उताराची आणि रस्त्यालगतची जागा पुलापाशी येत होती. पंपसुद्धा लागणार नव्हता. मी तिथे निळ्या शाईनं बाण काढला आणि लिहिलं, 'येथे पाणी सोडावे'. किती आणि कधी यांवर मी तीन महिने घालवले होते. कुठे, याला दहा मिनिटं लागली असतील, त्यातली चार निळं पेन शोधण्यात गेली.

जागा पाहिली नव्हती असंही नाही. देवधर साहेब आणि मी श्रावणात जाऊन आलो होतो. नदी दोन्ही काठ भरून वाहत होती. मी छत्री धरून पुलावर उभी राहिले, वहीत 'नदी बारमाही दिसते' असं लिहिलं आणि मग आम्ही कंपनीच्या विश्रामगृहात जेवायला गेलो. सोमवार असल्यामुळे मला उपास होता आणि साबुदाण्याची खिचडी फार चांगली झाली होती. त्या पाहणीतलं मला पुढे स्पष्ट आठवत राहिलं ते एवढंच.

अहवाल मंजूर झाला, पाइप पडला, पहिला उन्हाळा आला. पुलावरच्या पट्टीवर पाणी अगदी माझ्या तक्त्याप्रमाणे दिसत होतं. कंपनीचे व्यवस्थापक शिर्के यांनी फोनवर माझं अभिनंदन केलं. मी त्या दिवशी ऑफिसात सगळ्यांना कोकम सरबत पाजलं.

त्यानंतरच्या वर्षी, एप्रिलच्या सुरुवातीला, साठीचा एक माणूस दुपारी बाराच्या सुमारास दारात येऊन उभा राहिला. पांढरा लेंगा, वर चौकड्याचा शर्ट, हातात हॉस्पिटलची फाइल घातलेली प्लास्टिकची पिशवी. कोर्टात आलेली माणसं चुकून वर यायची, म्हणून मी मान वर न करताच नोटरी खाली आहे असं सांगितलं. तो गेला. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पुन्हा आला. मी पुन्हा खाली पाठवला. तिसऱ्या दिवशी त्यानं पिशवीतून घडी घातलेला एक कागद काढून माझ्या टेबलावर ठेवला. माझ्या अहवालाच्या शेवटच्या पानाची झेरॉक्स होती ती. नाव, हुद्दा, पत्ता, सही.

"सुनंदा राणे म्हणजे तुम्हीच का, बाई?"

मी हो म्हटलं, आणि सांगायला लाज वाटते, पण थोडी सुखावले. आजवर माझा अहवाल वाचून कुणी भेटायला आलं नव्हतं.

त्यांचं नाव काशिनाथ ठोंबरे. त्या वळणावर त्यांची वाडी. ग्रामपंचायतीच्या पाणीयोजनेचा पंप चालवायचं त्यांचं काम. नदीच्या पात्रातच एक विहीर आहे, तिच्यातून पाणी उपसून टेकडीवरच्या टाकीत चढवायचं, मग ते वाडीला सुटतं. मुंबईत ते आले होते बायकोच्या उपचारांसाठी. जानकीबाईंना परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात रोज लाइट द्यायचे, म्हणजे रेडिएशन. सहा आठवडे. दोघं भोईवाड्यात पुतणीच्या खोलीत उतरली होती. अकराला जानकीबाई आत गेल्या की दोन वाजेपर्यंत यांना बाहेर बसून राहावं लागे. ग्रामपंचायतीतल्या कागदावर भोईवाड्याचाच पत्ता दिसला म्हणून चौकशी करत आले.

त्यांची तक्रार साधी होती. विहीर आटली होती. मी त्यांना बसवलं, पाणी मागवलं आणि समजावून सांगायला घेतलं. तक्ता उघडला, आलेख दाखवला, खाणीनं किती पाणी घेतलं आणि किती परत दिलं ते चौथ्या दशांशापर्यंत दाखवलं. ते मन लावून बघत होते. मध्ये एकदा त्यांनी चष्मा पुसला. सगळं झाल्यावर नकाशावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "यात आमची विहीर कुठं आहे?"

नकाशात विहीर नव्हती. वाडीही नव्हती. नकाशा जुना होता.

त्यांनी स्वतःच बोट फिरवून जागा दाखवली. वळणाच्या बरोबर मध्यावर, नालेच्या माथ्याशी. वळण सुरू होतं तिथे खाण पाणी ओढत होती आणि वळण संपतं तिथे आम्ही ते परत देत होतो. मधल्या दोन किलोमीटरमध्ये द्यायला कुणीच नव्हतं.

"मग वर सोडा ना," ते म्हणाले.

मला ते त्या क्षणीच कळलं. तरी पुढची वीस मिनिटं मी त्यांना ते शक्य का नाही हे सांगत राहिले. चढाव, पंप, परवानगीतली भाषा, जमिनीचे मालक. त्यांनी एकदाही मला तोडलं नाही. दोन वाजत आले तसे उठले, पिशवी घेतली आणि उद्या येतो म्हणाले.

ते खरंच रोज यायला लागले. भांडायला नाही. कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसायचे, वाडीला फोन लावायचे आणि मला बातमी सांगायचे. त्यांच्या गैरहजेरीत पंप चालवायचं काम शेजारच्या शेवंतीकडे होतं. पंप किती मिनिटं चालला आणि हवा ओढायला लागला, हे ती त्यांना कळवायची. सोमवारी चाळीस मिनिटं. गुरुवारी पंचवीस. पुढच्या मंगळवारी अकरा. माझ्या तक्त्यात बारा रकाने होते आणि त्यांच्याजवळ एकच आकडा होता. त्यांचा आकडा खरा होता.

मी शनिवारी एकटीच गेले. एसटीनं, पुलाच्या थांब्यावर उतरले. पुलाखाली पाणी झकास होतं. म्हशी डुंबत होत्या, पट्टीवरची पातळी बरोबर होती, आणि पाइपाच्या तोंडाशी कंपनीनं 'नदी पुनर्भरण प्रकल्प' असा फलक लावला होता. खाली आमच्या ऑफिसचं नाव. तिथून पात्रातूनच वर चालायला लागले. दोनशे पावलांवर पाणी संपलं. पुढे नुसते गोटे, पांढरे पडलेले, चटके देणारे. मी ऑफिसच्या चपला घालून गेले होते. एक चप्पल तुटली, ती हातात घेतली. वळणाच्या मध्यावर बायका वाळूत हातभर खोल खड्डे उकरून, त्यात तळाशी जमलेलं पाणी करवंटीनं हंड्यात भरत होत्या. झिरे म्हणतात त्यांना. एक करवंटी भरली की पुन्हा पाणी जमेपर्यंत थांबायचं. मला वाटलं कुणीतरी विचारेल, तुम्ही कोण. एका पोरसवदा बाईनं विचारलं ते वेगळंच. पाय भाजत असतील, सावलीत बसता का. ती शेवंती.

सोमवारी मी देवधर साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी नकाशा मागून घेतला आणि वळणावरून बोट फिरवलं. म्हणाले, लेखी काही देऊ नका, मी शिर्क्यांशी बोलतो. ते बोलले, मीही बोलले. शिर्के अतिशय नम्रपणे म्हणाले, "मॅडम, अहवालात पुलापाशी लिहिलंय. आम्ही तुमचं अक्षर न् अक्षर पाळतोय." खरंच पाळत होते. माझ्या सगळ्या नोकरीत इतका आज्ञाधारक ग्राहक मला मिळाला नव्हता.

म्हणजे मार्ग एकच उरला. परवानगी देणाऱ्या कार्यालयाला मी कळवायचं की माझाच अहवाल चुकला आहे. शिर्क्यांची कंपनी आमचा सगळ्यांत मोठा ग्राहक होती, आणि माझ्या निवृत्तीला चौदा महिने होते. मी काय केलं? अकरा दिवस काहीच केलं नाही. टेबलाचे खण आवरले. जुन्या फायलींना नवी लेबलं लावली. वर पाणी सोडलं तर किती मोठा पंप लागेल याचं एक सुंदर गणित केलं आणि ते कुणालाही दाखवलं नाही. काशिनाथ रोज येत होते, आणि त्यांना मी सांगत होते की वरच्या पातळीवर बोलणी चालू आहेत. ती वरची पातळी म्हणजे देवधर साहेबांची केबिन, आणि ती माझ्या टेबलापासून चार पावलांवर होती.

बाराव्या दिवशी मशीन बिघडलं म्हणून जानकीबाईंना लवकर सोडलं आणि त्या काशिनाथांबरोबर वर आल्या. बारीक अंगाच्या, डोक्याला सुती पंचा गुंडाळलेला. दोन मजले चढून दम लागला होता. पंख्याखाली बसल्या, पाणी प्यायल्या आणि मग माझ्याकडे बघून हसल्या. म्हणाल्या, हे रोज तुमच्याकडे येतात, मला वाटायचं तुम्ही ओरडत असाल. पण हे सांगतात, बाई चांगल्या आहेत, समजावून सांगतात.

मी पंख्याचा वेग वाढवला.

"यांच्या डोक्यात लवकर शिरत नाही," जानकीबाई म्हणाल्या. "तुम्ही मला सांगा. मी घरी गेल्यावर यांना सांगते."

त्या खरोखर मदत करायला बघत होत्या. मी नकाशा पुढे ओढला. ही नदी, म्हटलं, ही खाण, इथून पाणी कमी होतं. त्यांनी मान हलवली. आणि इथे, पुलापाशी, आम्ही ते परत देतो. त्यांनी पुन्हा मान हलवली आणि पुढचं ऐकायला थांबल्या. पुढचं माझ्याजवळ नव्हतं. चढाव, परवानगी, जमीनमालक यांतलं एकही वाक्य त्या बाईंच्या तोंडासमोर बोलवेना. मी म्हटलं, "यांच्या डोक्यात बरोबर शिरलंय. माझ्याच नाही शिरलं."

त्या दिवशी दुपारी पत्र लिहायला बसले. माणसाला सरकारी मराठीत चूक कबूल करता येऊ नये अशी त्या भाषेत चोख व्यवस्था आहे, हे मला तेव्हा कळलं. पहिल्या मसुद्यात 'अनवधानाने अंशतः त्रुटी राहून गेल्याचे निदर्शनास आले आहे' असं लिहिलं. कुणाच्या, कुणाला, काहीच कळत नव्हतं. दुसऱ्यात 'निम्नस्वाक्षरीकर्तीकडून' आलं. तो शब्द टाइप करतानाच माझी बोटं अडखळली. चौथ्या मसुद्यात लिहिलं की पाणी सोडण्याची जागा मी चुकीची ठरवली, उन्हाळ्यात जागा पाहिली नाही, मधल्या दोन किलोमीटरमधली वस्ती आणि विहीर विचारात घेतली नाही, पाणी खाणीच्या वरच्या अंगाला सोडायला हवं, चूक माझी आहे. एक पान भरलं. माझ्या नोकरीतला हा सगळ्यांत छोटा अहवाल.

पत्र देवधर साहेबांपुढे ठेवलं. त्यांनी वाचलं, खणात टाकलं आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मी दुसरी प्रत पोस्टानं पाठवायची तयारी करून ठेवली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी ते आले, वरचं बटण न काढताच खुर्चीत बसले आणि मला हाक मारून पत्र परत दिलं. माझ्या सहीखाली त्यांनी आपल्या हातानं एक ओळ घातली होती. 'पाहणीच्या वेळी मीही उपस्थित होतो आणि मीही हे पाहिले नाही.' खाली सही. म्हणाले, "आता पाठवा." सत्तरी ओलांडलेल्या त्या माणसाबद्दल मी तोवर मनातल्या मनात बरंच काही बोलले होते. ते सगळं मला मनातल्या मनातच मागे घ्यावं लागलं.

कंपनीनं आमच्याकडची कामं काढून घेतली, ती परत आली नाहीत. पण कार्यालयातून एक तरुण अधिकारी जाऊन जागा बघून आला आणि पाणी वर सोडायचा हुकूम निघाला. त्यानंतर जे झालं ते मला जास्त लागलं. मी ज्या अडचणी रोज काशिनाथांना ऐकवत होते, त्यांतली एकही खरी ठरली नाही. खाणीचा ट्रकरस्ता जुन्या खड्ड्यापासून वळणाच्या वर थेट नदीपर्यंत जात होता आणि जमीन कंपनीचीच होती. काळा प्लास्टिकचा पाइप त्या रस्त्याच्या कडेनं नुसता टाकला, एक पंप बसवला. नऊ दिवसांत काम झालं.

मे महिन्याचा तिसरा आठवडा होता. पाणी सोडल्याच्या तिसऱ्या दिवशी मी वाडीत गेले. या वेळी बूट घालून. नदी भरलेली वगैरे नव्हती, पण गोट्यांमधून एक सलग धार चालली होती आणि विहिरीत पाणी दिसत होतं. काशिनाथ तिकडे परळमध्येच होते, मशीन बिघडल्यामुळे लांबलेले जानकीबाईंचे शेवटचे चार लाइट राहिले होते. त्यांनी मला फोनवर सांगितलं, पंप तुम्ही चालू करा, बाई. त्यांना तो मान मला द्यायचा होता. वाडीतली पंधरा-वीस माणसं पंपघराशी जमली. वरिष्ठ जलविश्लेषकांनी बटण दाबलं. मोटार घुमली, पाणी आलं नाही. मी पुन्हा दाबायला गेले तेव्हा शेवंतीनं माझा हात धरला. इतके दिवस कोरड्या राहिलेल्या पंपात आधी वरून पाणी ओतून हवा घालवावी लागते. मी अर्धं आयुष्य पंपांची अश्वशक्ती काढण्यात घालवलं होतं, पण ही गोष्ट मला माहीत नव्हती. शेवंतीनं कळशीभर पाणी ओतलं, झाकण आवळलं आणि बटण दाबलं. माझा फोन चालूच होता; तिकडून काशिनाथ म्हणाले, फोन पाइपाजवळ धरा.

मी धरला. आत खडखड होत होती. पलीकडे हॉस्पिटलातले नंबर पुकारले जात होते आणि ते कान देऊन ऐकत होते.

"हवा आहे अजून," ते म्हणाले. "तिला म्हणावं, व्हॉल्व्ह थोडा आवळ."

शेवंतीनं आवळला. खडखड कमी होत गेली, पाइप थरथरला आणि मग आवाज जड, एकसारखा झाला. मी टेकडीवरच्या टाकीकडे बघत होते. त्यांना बघायची गरज नव्हती.

"आलं," ते म्हणाले. आणि मग, "आता ठेवतो. हिचा नंबर आलाय."

जानकीबाई त्या महिन्याच्या अखेरीस घरी गेल्या. अजून आहेत. दिवाळीआधी नाचणीच्या पापडांची पिशवी येते त्यांच्याकडून.

इथेच थांबले तर गोष्ट छान होईल, आणि मीही बरी दिसेन. पण नोकरीत मी असे निळे बाण अनेक नद्यांवर काढले होते. निवृत्तीपूर्वी मी सगळ्या जुन्या फायली काढल्या. पाच ठिकाणी मला शंका वाटली. पाचही कंपन्यांना मी पत्रं पाठवली की पाणी सोडण्याची जागा उन्हाळ्यात पुन्हा तपासावी. दोघांनी तपासली आणि बदलली. दोघांचं उत्तर आलं नाही. पाचव्यानं उत्तर दिलं, मला निवृत्त जीवनाच्या शुभेच्छा दिल्या आणि एक कॅलेंडर पाठवलं.

गेल्या उन्हाळ्यात, उत्तर न आलेल्या दोघांपैकी एकाच्या खाणीवर मी स्वतः गेले. गुडघे आता कुरकुरतात, त्यामुळे काठी होती. फाटकापाशी एक म्हातारा राखणदार खाटेवर बसला होता. त्याला वाटलं, कुणाचं तरी घर शोधते आहे. मी सांगितलं, खाणीचं पाणी नदीत कुठे सोडतात ते बघायला आले.

"खाण बंद होऊन दोन वर्षं झाली, बाई," तो म्हणाला. "पाइप त्यांनी तेव्हाच काढून नेला."

त्यानं मला आत नेऊन खड्डा दाखवला. मोठा होता, निळाशार पाण्यानं भरलेला, काठावर बगळे. दिसायला सुंदर. आमच्या धंद्यात नसलेल्या कुणालाही ते तळंच वाटलं असतं. मला माहीत होतं की ऊन त्यातलं पाणी रोज थोडं उडवतंय, तेवढंच गोट्यांमधून नदी त्यात ओततेय आणि हे आता चालूच राहणार आहे. कंपनी गेली, अट संपली. खड्डा मात्र अजून पाणी पीत होता. त्याचं किती, कधी आणि कुठे विचारणारं आता कुणी नव्हतं, आणि पहिल्यांदा ते विचारलं गेलं तेव्हा उत्तर देणारी मीच होते. माझ्या तक्त्यात खाण बंद होण्याचं वर्ष हेच शेवटचं वर्ष होतं. त्याच्यापुढे मी रेघ मारली होती.

राखणदारानं विचारलं, फोटो काढायचा का. मी नको म्हटलं. काठीनं अंदाज घेत खड्ड्याच्या काठाकाठानं पावलं मोजत निघाले; घेर कळला की खड्डा वर्षाला किती पाणी पितो ते काढता येतं. तो मागून ओरडून सांगत होता की पलीकडची बाजू ढासळते, जपून जा. एक फेरी व्हायला पाऊण तास लागला. पावलांचा आकडा मी तळहातावर लिहिला, कारण वही घरी राहिली होती.